वाचकांचे प्रश्न : चार्ज ठेवलाच नाही तर तिथे फील्ड असतं का?

या वेळी तीन पत्रं घेतलीयेत. पहिल्या पत्रावर बरंच लिहिलंय, कारण हाच प्रश्न मला ३२ वर्षांच्या शिकवण्यात दर वर्षी कुणी ना कुणी विचारलाय, आणि जे विचारत नव्हते त्यांच्याही मनात तो असायचा हे पेपर तपासताना कळायचं.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी बारावी सायन्सला आहे. इलेक्ट्रिक फील्डचा चॅप्टर दोनदा वाचला, कोचिंगमध्येही झाला, न्यूमेरिकल्स सुटतात पण डोक्यात काही बसत नाहीये. पुस्तकात दिलंय की ई बरोबर एफ भागिले क्यू, म्हणजे फील्ड बरोबर फोर्स भागिले चार्ज. मग क्यू दुप्पट केला तर फील्ड अर्धं व्हायला पाहिजे ना? कोचिंगच्या सरांना विचारलं तर म्हणाले नाही होत, फॉर्म्युला लक्षात ठेव आणि पुढे चल. दुसरं असं की तिथे टेस्ट चार्ज (फील्ड मोजायला ठेवतात तो लहानसा चार्ज) ठेवलाच नाही तर एफ पण नाही आणि क्यू पण नाही, मग फील्ड असतं का? असलं तर ते नक्की काय आहे, की गणित सोपं व्हावं म्हणून आपण मानून घेतलंय?
— एक विद्यार्थिनी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : बेटा, तुझा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे, आणि "लक्षात ठेव आणि पुढे चल" हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं, कारण हा चॅप्टर जिथे उघडतो नेमकं तिथेच तुला थांबवलं गेलं.

आधी फॉर्म्युल्याचं बघू. तू सेव आणायला जातेस. दुकानात पाटी आहे, समज लसणाची सेव ३०० रुपये किलो. तू अर्धा किलो घेतलीस, बिल झालं १५०. २ किलो घेतलीस, बिल ६००. आता पाटी न बघता बिलावरून भाव काढायचा असेल तर काय करशील, बिल भागिले किलो. मग "किलो दुप्पट केले तर भाव अर्धा झाला पाहिजे" असं कुणी म्हणालं तर तू लगेच म्हणशील की अहो, किलो दुप्पट केले तर बिलपण दुप्पट होईल ना! बस, एवढंच आहे. एफ म्हणजे बिल, क्यू म्हणजे किलो आणि ई म्हणजे भाव. भाव दुकानाचा आहे आणि बिल तुझं आहे. फील्ड त्या जागेचं असतं आणि फोर्स तिथे जो चार्ज जाऊन उभा राहतो त्याचा.

आकड्यांत करून बघ म्हणजे पक्कं होईल. १ मायक्रोकूलॉमचा चार्ज टेबलावर ठेवला आणि त्याच्यापासून ३० सेंटिमीटरवर एक जागा धरली. कूलॉमचा स्थिरांक ९ अब्ज, त्याला चार्जने गुणून अंतराच्या वर्गाने म्हणजे ०.०९ ने भागलं की फील्ड येतं १ लाख न्यूटन प्रति कूलॉम. आत्तापर्यंत मी तिथे काही ठेवलेलंच नाहीये, हे लक्षात घे, हिशोबात टेस्ट चार्ज कुठे आलाच नाही. आता तिथे २ नॅनोकूलॉम ठेव, फोर्स ०.०००२ न्यूटन. ४ नॅनोकूलॉम ठेव, फोर्स ०.०००४ न्यूटन. भागून बघ, दोन्ही वेळा तोच १ लाख.

पुस्तकात "टेस्ट चार्ज अगदी लहान घ्यावा" असं एक वाक्य असतं ज्याच्यावरून सगळे पुढे निघून जातात, त्याचंही उत्तर याच दुकानात आहे. तू पाव किलो घे नाहीतर अर्धा, पाटीवरचा भाव हलत नाही. पण कुणी लग्नासाठी २ क्विंटल घ्यायला आलं तर दुकानदार भावच बदलतो. तसंच मोठा टेस्ट चार्ज आणलास तर ज्या चार्जेसमुळे ते फील्ड आहे त्यांनाच तो ढकलून किंवा ओढून जागचं हलवेल, आणि मग तू जे मोजायला आली होतीस तेच बदलून जाईल. म्हणून लहान.

हे सेवेचं उदाहरण एका ठिकाणी मात्र कमी पडतं ते आत्ताच सांगून ठेवते. भावाला दिशा नसते, फील्डला असते. दोन चार्ज असतील तर दोघांची फील्ड्स नुसती बेरीज करून चालत नाही, बाण काढावे लागतात. दोन सारखे पॉझिटिव्ह चार्ज घे, बरोबर मध्ये दोन्हीकडून सारखाच धक्का येतो आणि फील्ड शून्य होतं. पोरं तिथे दोन्ही आकडे जोडून मोकळी होतात आणि मार्क जातात.

आता तुझा दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला. टेस्ट चार्ज नसताना तिथे काय असतं?

मी काय करायचे ते सांगते, तूही घरी कर, जानेवारीतल्या कोरड्या हवेत छान जमतं. प्लंबरकडून उरलेला हातभर पीव्हीसीचा पाइप घ्यायचा, लोकरीच्या मफलरने तो जोरात घासायचा. चॉकलेटच्या चांदीची हरभऱ्याएवढी हलकी गोळी करायची आणि रेशमाच्या धाग्याने टांगायची. पाइप जवळ नेला की गोळी आधी त्याच्याकडे धावते, पाइपला टेकते, आणि टेकल्या टेकल्या अशी झटकन लांब जाते की बघणारा दचकतोच. पाइपचा थोडा चार्ज तिच्यावर आला, आता दोघांवर एकाच जातीचा. इथपर्यंत सगळे करतात. खरी गंमत पुढे आहे. आता पाइप स्टूलवर आडवा ठेव आणि धागा हातात धरून गोळी पाइपच्या भोवती हळूहळू फिरव. बाजूला, टोकापाशी, वरच्या अंगाला, एक वीत लांब, दोन वीत लांब. धागा प्रत्येक जागी वेगळा कलतो, कुठे जास्त कुठे कमी, कुठे उजवीकडे कुठे डावीकडे, आणि परत पहिल्या जागी आणलीस की परत तेवढाच आणि तिकडेच. (फार वेळ लावू नकोस, चार्ज हळूहळू हवेत निघून जातो.) म्हणजे पाइपच्या भोवतालच्या प्रत्येक जागेचं एक ठरलेलं उत्तर आहे, गोळी फक्त ते वाचून दाखवते. गोळी काढून घेतली म्हणून उत्तर पुसलं जात नाही, दुकानात गिऱ्हाईक नसलं तरी पाटी लटकलेलीच असते ना.

पण एवढ्याने तुझं समाधान व्हायचं नाही आणि होऊही नये, कारण तू म्हणशील की मॅडम हा तर सांगण्याचा प्रकार झाला, गोळीवरचा फोर्स सरळ पाइपमुळेच आहे असं का नाही म्हणायचं, मध्ये हे फील्ड कशाला? हा प्रश्न तुझ्या आधी फार मोठ्या लोकांना पडलाय. कूलॉमने १७८५ मध्ये पिळाच्या तराजूने मोजून दाखवलं की फोर्स अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, पण मध्ये काहीच नसताना इथला चार्ज तिथल्याला ढकलतो कसा यावर तो नियम काहीच बोलत नाही. मग आला मायकेल फॅरेडे, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला मुलगा, गणित जवळजवळ येत नव्हतं, पण त्याने चुंबकाभोवती लोखंडाच्या किसाच्या रेघा बघितल्या आणि म्हणाला की मधली जागा रिकामी नाहीये, जे काय चाललंय ते तिथेच चाललंय. पुढे मॅक्सवेलने १८६५ मध्ये तेच गणितात बसवून दाखवलं आणि त्यातून निघालं की फील्डमधला बदल प्रकाशाच्या वेगाने पसरतो. एका झटक्यात सगळीकडे पोचत नाही.

इथे थांबून विचार कर. समज चंद्रावर एक चार्ज आहे आणि कुणी तो हलवला. तुझ्या घरातल्या चार्जला ते साधारण १.३ सेकंदांनी कळेल. त्या मधल्या १.३ सेकंदांत तुझ्या चार्जवर जो फोर्स आहे तो कशामुळे? तिकडचा चार्ज तर जुन्या जागी राहिलेलाच नाही. तुझ्या चार्जला ढकलतंय ते त्याच्या स्वतःच्या जागेवरचं फील्ड, ज्याला अजून बातमी पोचलेली नाही. म्हणून मध्ये फील्ड मानावंच लागतं, आणि सोयीसाठी म्हणून नाही, त्याच्याशिवाय हिशोब लागतच नाही म्हणून.

आणि ते खरं आहे याचा पुरावा आपल्याच इंदुरात आहे, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, ज्याला आपल्याकडे अजूनही पुष्कळ लोक कॅटच म्हणतात. तिथे इंडस-२ नावाची १७२.५ मीटर घेराची रिंग आहे, तिच्यात इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने फिरतात, सेकंदाला १७ लाखांहून जास्त फेऱ्या. इलेक्ट्रॉन वळण घेतो तेव्हा त्याच्या लांबवरच्या फील्डला वाटत असतं की हा सरळच चाललाय, वळल्याची बातमी मागून पोचते, त्यामुळे फील्डमध्ये एक मुरड पडते आणि ती मुरड इलेक्ट्रॉनला सोडून बाहेर निघून जाते. तोच प्रकाश, तेच एक्स-रे, ज्यांच्यावर तिथे वैज्ञानिक प्रयोग करतात. म्हणजे फील्ड आपल्या चार्जपासून सुटून एकटं चालू शकतं, आणि जाताना ऊर्जा घेऊन जातं. ती ऊर्जा इलेक्ट्रॉनला दर फेरीत परत द्यावी लागते, आणि ती देतं पण इलेक्ट्रिक फील्डच, रिंगमधली चुंबकं फक्त वळवायचं काम करतात. आता जे स्वतः ऊर्जा घेऊन भिंतीपलीकडे जाऊ शकतं त्याला "मानून घेतलेलं" कसं म्हणायचं?

तू लिहिलं नाहीस पण फील्ड लाइन्सबद्दल, म्हणजे फील्डची दिशा दाखवायला काढतात त्या रेघांबद्दलही दोन शब्द, कारण तिथे हमखास गोंधळ असतो. लाइन्स आपण काढतो, फील्ड आपण काढत नाही. दोन लाइन्सच्या मध्ये जी कोरी जागा दिसते तिथेही फील्ड आहेच, सगळीकडे रेघा मारल्या तर कागद काळा होईल म्हणून थोड्या मारतात. जिथे दाट तिथे जोर जास्त. दोन लाइन्स एकमेकींना कापत नाहीत कारण कापल्या तर त्या जागी ठेवलेल्या चार्जने कुठे जायचं, फोर्सच्या दिशा दोन कशा असतील. आणि चार्ज नेहमी लाइनवरूनच चालतो हेही खरं नाही, लाइन फोर्सची दिशा सांगते, वाट नाही. लाइन वाकडी असेल तर चार्ज आपल्या वेगाच्या भरात बाहेर जातो.

एक शब्दाचं पण सांगते. आपल्याकडे घरी मराठी बोलतात आणि शाळा हिंदी मीडियमची, तिथे चार्जला "आवेश" म्हणतात, आणि मराठी पुस्तकात त्यालाच "प्रभार" म्हणतात, आणि हिंदीत प्रभार म्हटलं की ऑफिसचा चार्ज घेणं आठवतं. आजीला समजावताना मुलं अडकतात ती इथे. तू सरळ चार्ज म्हण, काही बिघडत नाही.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. एका चॅप्टरमध्ये शिकलो की कंडक्टरच्या (वीज सहज वाहू देणाऱ्या वस्तूच्या) आत इलेक्ट्रिक फील्ड शून्य असतं, पुढच्याच चॅप्टरमध्ये म्हणतात की वायरीत फील्ड असतं म्हणून करंट वाहतो. वायर पण कंडक्टरच आहे ना? दोन्ही गोष्टी खऱ्या कशा?
— एक विद्यार्थी, विजयनगर, इंदूर

उत्तर : दोन्ही खऱ्या आहेत, पहिल्या वाक्यातला एक शब्द सगळे गिळतात म्हणून भांडण दिसतं. पूर्ण वाक्य असं आहे की चार्जेस *स्थिर झाल्यावर* कंडक्टरच्या आत फील्ड शून्य असतं. तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात, आत जरा जरी फील्ड असेल तर ते सरकतील, सरकून पृष्ठभागावर जमा होतील, आणि त्यांचं स्वतःचं फील्ड आतलं फील्ड खोडत जाईल, पूर्ण खोडलं जाईपर्यंत. मग थांबतील. हे सगळं पापणी लवायच्या कितीतरी आधी होऊन जातं. फॅरेडेने १८३६ मध्ये धातूने मढवलेली १२ फुटी खोली केली, बाहेरून तिला मशीनने जबरदस्त चार्ज केलं, ठिणग्या उडत होत्या, आणि तो स्वतः इलेक्ट्रोस्कोप (चार्ज आहे का ते दाखवणारं यंत्र) घेऊन आत जाऊन बसला, तर आत काटा हललासुद्धा नाही. पावसाळ्यात वीज कडाडताना पत्र्याच्या बंद कारमध्ये बसलेलं माणूस झाडाखालच्या माणसापेक्षा सुरक्षित असतं ते याच कारणाने.

आता वायर बॅटरीला जोडली की काय होतं, इलेक्ट्रॉन फील्ड खोडायला सरकतात, पण बॅटरी त्यांना थांबूच देत नाही, एका टोकाकडून काढून घेते आणि दुसऱ्या टोकाला भरत राहते. स्थिर व्हायची वेळच येत नाही. म्हणून आत फील्ड उरतं. आणि ते किती असतं हे तू कधी काढून बघितलंयस का? घरातली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घे, ५ अँपिअर करंट. तांब्याची रेझिस्टिव्हिटी (तांबं करंटला किती अडवतं तो आकडा) धरून हिशोब केला तर आतलं फील्ड येतं साधारण ०.०६ व्होल्ट प्रति मीटर. आणि आत्ता तू स्वच्छ हवेच्या दिवशी मैदानात उभा राहिलास तर जमिनीजवळच्या हवेत साधारण १०० व्होल्ट प्रति मीटर फील्ड असतं! पंखा, मिक्सर सगळं चालवणाऱ्या वायरीच्या आत त्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी. मला हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा दोनदा तपासावा लागला होता. तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन इतके प्रचंड आहेत की त्यांना हलवायला फारसा जोर लागतच नाही.

(मग मैदानात डोकं आणि पाय यांच्यात दीडशे व्होल्ट असून शॉक का बसत नाही? कारण आपलं शरीरही कंडक्टर आहे, आपण उभे राहिलो की फील्ड आपल्याभोवती वळसा घालून जातं आणि डोक्यापासून पायापर्यंत आपण एकाच व्होल्टेजला येतो. तुझंच पहिलं वाक्य.)

याच वायरीत इलेक्ट्रॉनचा सरकायचा वेग काढ, सेकंदाला पाव मिलिमीटर येतो. मुंगीसुद्धा पुढे निघून जाईल. त्यात आपल्या घरातला करंट एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारा आहे, दर सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे, म्हणजे इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून मिलिमीटरच्या साधारण हजाराव्या भागाएवढा इकडे आणि तेवढाच तिकडे होतो. मीटरमधला इलेक्ट्रॉन तुझ्या खोलीतल्या बल्बपर्यंत कधी पोचतच नाही. तरी बटण दाबलं की बल्ब लगेच लागतो, कारण पोचायचं असतं फील्डला, आणि ते वायरीच्या कडेकडेने प्रकाशाच्या वेगाच्या बऱ्यापैकी जवळ धावतं. बल्बमधले इलेक्ट्रॉन आधीपासून तिथेच होते, त्यांना फक्त हुकूम मिळाला.

प्रश्न : माझा नातू हिवाळ्यात स्वेटर काढतो तेव्हा चट्चट् आवाज येतो, अंधारात उजेडही दिसतो. परवा दाराच्या कडीला हात लावला तर त्याला चांगला चटका बसला. हे धोक्याचं आहे का? पावसाळ्यात असं का होत नाही?
— एक आजी, टिळकनगर, इंदूर

उत्तर : आजी, धोक्याचं नाही, निश्चिंत राहा. स्वेटर आणि आतला टेरिकॉटचा शर्ट एकमेकांवर घासले की एकाचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. स्वेटर ओढून वेगळा केला की मधल्या फटीत फील्ड उभं राहतं. हवा एरवी वीज जाऊ देत नाही, पण फील्ड साधारण ३० लाख व्होल्ट प्रति मीटरला पोचलं की हवाच फुटते आणि ठिणगी पडते, तोच चट्चट् आवाज आणि तोच निळसर उजेड. ऐकायला आकडा मोठा वाटतो पण फट मिलिमीटरभरच असते, म्हणून व्होल्टेज काही हजार होतं, आणि चार्ज इतका जरासा असतो की ऊर्जा अगदी किरकोळ, चिमटा काढल्यासारखं होतं आणि संपतं.

पावसाळ्यात हवेत दमटपणा असतो, कपड्यांवर पाण्याचा दिसणार नाही इतका पातळ थर बसतो आणि चार्ज त्यावरून हळूच निघून जातो, साठतच नाही. आपल्या माळव्यातली जानेवारीची हवा कोरडी, म्हणून हिवाळ्यात जास्त.

कडीचा चटका टाळायला नातवाला सांगा की हातात किल्ली घट्ट धरून आधी किल्लीचं टोक कडीला लाव. बोटापेक्षा टोकदार जागेशी फील्ड जास्त एकवटतं, ठिणगी किल्लीवरून पडते आणि कातडीला कळतही नाही. एका ठिकाणी मात्र खरंच जपायचं, पेट्रोल पंपावर. तिथे पेट्रोलची वाफ असते आणि तिला एवढीशी ठिणगीही पुरते, म्हणून गाडीतून उतरल्यावर आधी टाकीपासून लांब, गाडीच्या पत्र्याला हात लावायचा आणि मगच झाकण उघडायचं.

आणि एकदा रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करा, पाच मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या आणि मग त्याला स्वेटर अगदी सावकाश काढायला सांगा. बाहीपाशी बघा, सगळ्यात जास्त तिथे दिसतं.